भिशीला फ्रेंचमध्ये काय म्हणतात?

2023 च्या दिवाळीत आमच्या मॉन्ट्रियलच्या घरी फराळाला पंधराएक माणसं जमली होती आणि चकल्या संपायच्या आत सगळ्यांनी मिळून माझ्या भाचीचं आयुष्य ठरवून टाकलं. ती तेव्हा सेजेपच्या शेवटच्या वर्षाला होती. सेजेप म्हणजे क्वेबेकमधलं, कॅनडाच्या या फ्रेंचभाषक प्रांतातलं, आपल्या ज्युनियर कॉलेजसारखं प्रकरण: अकरा वर्षं शाळा, दोन वर्षं सेजेप, मग तीन वर्षांची पदवी. तिला मानवशास्त्र घ्यायचं होतं आणि तेही युनिव्हर्सिते द मोंरेयालमध्ये, म्हणजे मॉन्ट्रियल विद्यापीठात, फ्रेंचमधून. आयटीतले एक काका म्हणाले, "मानवशास्त्र घेतेस ते घेतेस, निदान इंग्रजीतून तरी घे. डोंगराच्या पलीकडे मॅकगिल आहे की!" त्यावर इथे तीस वर्षं काढलेल्या एका आजोबांनी क्वेबेकी लोकांच्या भाषाभिमानाचे गोडवे गायला सुरुवात केली, इथल्या 1977 च्या भाषाकायद्यासारखा एक कायदा महाराष्ट्रात करून दाखवा म्हणाले, आणि बघता बघता गाडी मुंबईतल्या दुकानांच्या पाट्यांवर गेली. मराठी पाट्यांसाठी सुप्रीम कोर्टाने दिलेली मुदत 25 नोव्हेंबरला संपत होती, त्यामुळे त्या विषयाला तेव्हा धारही होती. भाची कोपऱ्यात बसून चिवड्यातले शेंगदाणे वेचून खात होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

घराबाहेरही वेगळं काही चाललं नव्हतं. महिनाभर आधी क्वेबेक सरकारने जाहीर केलं होतं की इतर प्रांतांतून इथल्या इंग्रजी विद्यापीठांत येणाऱ्या कॅनेडियन विद्यार्थ्यांची फी साधारण 9,000 डॉलरवरून 17,000 वर न्यायची. आरडाओरडा झाला, डिसेंबरात तो आकडा 12,000 वर आला, आणि एप्रिल 2025 मध्ये प्रांताच्या वरिष्ठ न्यायालयाने ही वाढ अवाजवी ठरवली. कारण काय दिलं होतं, तर मॉन्ट्रियलमध्ये फ्रेंचची पीछेहाट होते आहे. विरोधकांचं म्हणणं, शहराचं नाव जगात आहे ते इंग्रजी विद्यापीठांमुळे. दोन्ही बाजूंनी विद्यापीठाचा टोलनाका करून टाकला: इंग्रजी बोलणारे इतके आत आले, फ्रेंच बोलणारे इतके कमी झाले. आत गेलेली मुलं त्या भाषेत दिवसभर नेमकं करतात काय, हे मात्र कुणाच्याच लेखात सापडेना. भाचीचा तर या फीवाढीशी संबंधच नव्हता. ती इथलीच रहिवासी, तिला दोन्हीकडे शिकवणीची फी सारखीच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. क्वेबेकमध्ये वाढलेल्या, फ्रेंचमधून शाळा शिकलेल्या मुलीने मानवशास्त्राची पहिली पदवी फ्रेंच विद्यापीठातच घ्यावी. फ्रेंच वाचवायची म्हणून घेऊ नये. ते काम अठरा वर्षांच्या मुलीच्या गळ्यात मारायचं कारण नाही. मानवशास्त्रात तुम्ही माणसांविषयी लिहिता. ज्यांच्याविषयी लिहिता त्यांना ते वाचून "हे चूक आहे" असं म्हणता आलं पाहिजे, आणि तसं कुणी म्हटलं तर ते ऐकून घ्यायची सवय पहिल्या वर्षापासून लागली पाहिजे. ही सवय कुठल्या भाषेत लागणार, हे तुम्ही कुठल्या गावात राहता त्यावर ठरतं.

आता काकांचं म्हणणं. ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. या विषयातली मोठी नियतकालिकं इंग्रजीत निघतात, परिषदा इंग्रजीत होतात, आणि फ्रेंचमध्ये छापलेला चांगला लेखसुद्धा टोरोंटोत कुणी उघडून बघत नाही. पुढे पीएचडीला अमेरिकेत जायचं झालं तर शिफारसपत्रापासून प्रबंधापर्यंत सगळा कारभार इंग्रजीत. हे सगळं खरं आहे. पण या हिशेबात एक चूक आहे. फ्रेंच विद्यापीठात मानवशास्त्र शिकणाऱ्या मुलांची इंग्रजीतून सुटका होते असं थोडंच आहे? वाचायला दिलेल्या मजकुरात इंग्रजी लेख येतच राहतात. ते वाचायचे, आणि मांडणी मात्र फ्रेंचमध्ये करायची. तीन वर्षांनी अशा मुलीला दोन भाषांत विचार करता येतो. मॅकगिलमध्ये निबंध फ्रेंचमध्ये द्यायची मुभा आहे, हेही मान्य. पण वर्गातली चर्चा, टोमणे, शिक्षकाने समासात लिहिलेला शेरा, हे सगळं इंग्रजीत. पोरांना इंग्रजी येणारच असतं. प्रश्न दुसरी भाषा कामाची होणार की पाहुण्यांपुरती राहणार, एवढाच आहे. आणि नोकरीचं म्हणाल तर क्वेबेकमध्ये मानवशास्त्राच्या पदवीधराला पगार देणारे कोण? संग्रहालयं, नगरपालिका, प्रांताची खाती, आरोग्यसेवा, रस्ता खणण्याआधी पुरातत्त्वाची पाहणी करणाऱ्या कंपन्या. 2015 साली तुर्को उड्डाणपुलाचं काम चालू असताना कातडी कमावणाऱ्यांचं जुनं गाव जमिनीखाली सापडलं, तेव्हा तिथले अहवाल कुठल्या भाषेत लिहिले गेले असतील? प्रांताचा सगळा कारभार ज्या भाषेत चालतो, त्याच.

शिवाय "जगाची भाषा" ही गोष्ट वाटते तितकी कायमची नसते. इरावती कर्वे 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या तेव्हा जर्मन ही मानवशास्त्राच्या जगातली एक मोठी भाषा होती. सासऱ्यांचा, म्हणजे खुद्द महर्षी कर्व्यांचा, त्यांच्या परदेशी जाण्याला विरोध होता. पण "जर्मन कशाला, इंग्रजीतून कर" असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. त्यांनी कवट्या मोजल्या, प्रबंध जर्मनमध्ये लिहिला, आणि मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांना हवा असलेला वंशश्रेष्ठतेचा निष्कर्ष काही त्यातून काढला नाही. पुढच्या पंधरा वर्षांत त्या विद्येचं आणि त्या भाषेच्या दबदब्याचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. इरावतीबाईंचं काहीही वाया गेलं नाही. पुण्याला येऊन त्यांनी इंग्रजीत संशोधन केलं आणि मराठीत असं लिहिलं की ते आजही लोक विकत घेऊन वाचतात. बर्लिनमध्ये त्या जे शिकल्या ते जर्मन भाषेपेक्षा मोठं होतं, पण जर्मनमधूनच आलं होतं.

फ्रेंचच्या बाजूने नेहमी पुढे केला जाणारा एक मुद्दा मला अजिबात पटत नाही: मोस, लेव्ही-स्त्रोस हे मोठे फ्रेंच मानवशास्त्रज्ञ मूळ भाषेत वाचायला मिळतात म्हणे. पहिल्या वर्षाची पोरं मोस कुठल्याही भाषेत दिला तरी कंटाळतात. गंमत म्हणून एक गोष्ट मात्र सांगते. लेव्ही-स्त्रोसच्या 1962 च्या एका पुस्तकाच्या नावात श्लेष आहे. त्या शब्दांचा अर्थ "रानातला विचार" असा होतो आणि "रानपॅन्सीचं फूल" असाही. 1966 च्या इंग्रजी भाषांतराचं नाव सरळ "रानटी मन" या अर्थाचं ठेवलं गेलं. पुस्तकाचा सगळा आटापिटा होता तो असं काही "रानटी मन" नसतंच हे दाखवण्याचा. इंग्रजीत ते नाव सुधारायला 2021 उजाडलं. किस्सा चांगला आहे, पण एवढ्यासाठी कुणी कॉलेज निवडत नाही.

खरं कारण शोधायला कामुरास्काजवळच्या सँ-देनी या खेड्यात जायला हवं. 1936 साली हॉरेस मायनर नावाचा शिकागोचा एक तरुण अभ्यासक तिथे जाऊन राहिला. शेतकऱ्यांची लग्नं, वाटण्या, चर्चमधल्या बाकांचा मान, सगळं त्याने टिपलं आणि 1939 मध्ये इंग्रजीत पुस्तक काढलं. पुस्तक गुणी आहे. त्यावरून पुढे विद्वानांत मोठा वाद झाला: क्वेबेकचा शेतकरी खरंच इतका जुनाट होता का? सगळा वाद त्या शेतकऱ्यांच्या डोक्यावरून चालला होता. पुस्तक फ्रेंचमध्ये आलं 1985 साली. शेहेचाळीस वर्षं. ज्यांच्या घरात बसून त्याने टिपणं काढली, त्यांच्यातले किती जण तोवर उरले असतील?

मराठी वाचकाला हे नवीन वाटायचं कारण नाही. एन्थोवेनसाहेबांनी मुंबई इलाख्यातल्या जातीजमातींवर 1920 ते 1922 मध्ये तीन जाडजूड खंड काढले. कुणाकडे हळद कधी लावतात, देवक कुठलं, काडीमोड चालते की नाही, सगळं इंग्रजीत. त्याच्या आधी, 1915 मध्ये, त्रिंबक नारायण आत्र्यांचा "गावगाडा" आला होता, तो मराठीत. बलुतं, अलुतं, वतन, हक्क, कुरबुरी, कशालाही दुसऱ्या भाषेतला प्रतिशब्द शोधावा लागला नाही. आत्र्यांची कित्येक मतं आज खटकतात. भटक्या जमातींविषयी त्यांनी जे लिहिलंय ते वाचून तळपायाची आग मस्तकात जाते. पण मला नेमकं हेच म्हणायचं आहे. ते वाचून चिडता येतं. ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांच्या नातवंडांना ते पुस्तक हातात घेऊन खोडून काढता येतं. एन्थोवेनच्या खंडांवर चिडायला आधी मॅट्रिक व्हावं लागे.

इथे कुणीतरी बाबासाहेबांचं नाव काढेल, आणि काढायलाच हवं. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी जातिसंस्थेवरचा निबंध वाचला तो इंग्रजीत. त्यात त्यांनी सेनार या फ्रेंच पंडिताची व्याख्या तपासली, केतकरांची तपासली, अनुकरणाच्या मुद्द्यासाठी तार्द या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचा आधार घेतला. ज्या समाजाविषयी सगळे लिहीत होते त्यातला माणूस उठून उत्तर देत होता आणि ते उत्तर परक्या भाषेत होतं. मग माझं म्हणणं कोसळलं का? मला वाटतं, उलट बळकट झालं. आपल्यावरची फाइल ज्या भाषेत लिहिली गेली, त्या भाषेत उत्तर द्यावं लागतं. हिंदुस्थानची फाइल इंग्रजीत होती. आणि चार वर्षांत, 1920 च्या जानेवारीत, "मूकनायक" निघालं ते मराठीत, कारण आता ज्यांच्याशी बोलायचं होतं ती माणसं वेगळी होती. क्वेबेकची फाइल फ्रेंचमध्ये आहे.

आता सगळ्यात जड आक्षेप. फ्रेंच ही तरी कुणाची भाषा? इन्नू, आतिकामेक्, इन्युइट या इथल्या मूळ रहिवाशांसाठी ती इंग्रजीइतकीच चालून आलेली. सेत-इल्जवळच्या निवासी शाळेत 1952 ते 1971 पर्यंत मिशनऱ्यांनी इन्नू मुलांना आईबापांपासून तोडून शिकवलं ते फ्रेंचमध्येच. शिवाय जेम्स बेच्या क्री लोकांची आणि मॉन्ट्रियलच्या वेशीवरच्या मोहॉक वस्तीची आपल्या भाषेव्यतिरिक्तची मुख्य भाषा इंग्रजी. 1970 च्या दशकात धरणप्रकल्पावरून क्री लोक सरकारशी लढले आणि 1975 चा करार झाला, त्या काळात त्यांच्यात राहून ज्यांनी काम केलं त्यांत मॅकगिलचे मानवशास्त्रज्ञ पुढे होते. हे मी खोडून काढू शकत नाही, काढणारही नाही. क्री लोकांत काम करायचं असेल तर भाचीने खुशाल मॅकगिलला जावं. मात्र त्या धबडग्यात क्री भाषाही शिकावी, नाहीतर एका साहेबाच्या जागी दुसरा साहेब, एवढंच होईल.

पण सेंट लॉरेन्स नदीच्या उत्तर किनाऱ्यावरचे इन्नू? 1976 मध्ये आन आंतान कापेश या इन्नू बाईने आपल्या लोकांच्या जमिनीचं काय केलं गेलं, शाळेने आणि पोलिसांनी त्यांना कसं वागवलं ते सांगणारं पुस्तक लिहिलं. एका पानावर इन्नू, समोर फ्रेंच. नाव असं की कुणी शिवी द्यायच्या आत तिने ती स्वतःच उचलली: मी एक मेली रानटी बाई. ते इंग्रजीत यायला 2020 उजाडलं. म्हणजे चव्वेचाळीस वर्षं इंग्रजी विद्यापीठातल्या मुलाला ते वाचायला फ्रेंच लागत होतं. जोझेफिन बाकों आज इन्नू आणि फ्रेंच दोन्हींत लिहिणारी नावाजलेली कवयित्री आहे. तरुणपणी ती मॉन्ट्रियलमध्ये मानवशास्त्रज्ञांसाठी म्हाताऱ्या माणसांचं बोलणं उतरवून फ्रेंचमध्ये करत होती. त्या कामातून शास्त्रज्ञांना जे मिळालं ते मिळालं, तिला तिचे जुने शब्द मिळाले. आणि मितिआर्जुक नाप्पालुक या इन्युइट बाईची कादंबरी: 1984 मध्ये इन्युइट लिपीत आली, 2002 मध्ये लाव्हाल विद्यापीठाच्या एका मानवशास्त्रज्ञाने ती फ्रेंचमध्ये आणली, आणि 2014 ची इंग्रजी आवृत्ती झाली ती त्या फ्रेंचवरून. एकदा तरी वाट उलटी वाहिली.

याहून कडू उदाहरण हवं असेल तर तेही आहे. 28 सप्टेंबर 2020 रोजी जोलिएतच्या रुग्णालयात जॉयस एशाक्वान ही सदतीस वर्षांची आतिकामेक् बाई, सात मुलांची आई, खाटेवरून फोनवर चित्रण करत असताना तिथल्या कर्मचाऱ्यांचे टोमणे त्यात टिपले गेले. त्याच दिवशी ती गेली. ते टोमणे फ्रेंचमध्ये होते. चौकशीत मृत्यूला वर्णद्वेषाचाही हातभार होता असं नोंदलं गेलं. त्या शब्दांचा इंग्रजी अनुवाद जगभरच्या वर्तमानपत्रांत आला. पण तो तुच्छतेचा सूर, एखाद्या हट्टी पोराला दटावावं तसा, तो ऐकायला त्या भाषेत घरचं असावं लागतं. वर्णद्वेष सिद्धांतात शिकता येतो. तो कुठल्या साध्या शब्दात लपून बसलाय हे ओळखायला कान लागतो. माझ्या भाचीचा तो कान शाळेच्या पटांगणात तयार झालाय, आणि काका म्हणतात तो बाजूला ठेव!

राहिले आजोबा. त्यांच्याशी माझं भांडण जास्त आहे, कारण ते माझ्या बाजूचे समजले जातात. मॉन्ट्रियल विद्यापीठाचा मानवशास्त्र विभाग ज्या इमारतीत आहे तिला लिओनेल ग्रू यांचं नाव आहे. हे इतिहासकार धर्मगुरू फ्रेंच अस्मितेचे मोठे प्रवक्ते. ज्यूंविषयी त्यांनी जे लिहिलं ते आज वाचवत नाही. माणसामाणसांतल्या भेदाची चिकित्सा करणारा विषय त्यांच्या नावाच्या छपराखाली शिकवला जातो, याचं मला दरवेळी हसू येतं. बाहेर पडलं की कोत-दे-नेज वस्ती: फिलिपिनो किराणा, व्हिएतनामी फो, हैतियन पाव, तमिळ, बंगाली, आम्ही. भाषा म्हणजे किल्ला, असं मानणाऱ्यांना ही वस्ती शत्रूची छावणी वाटते. पण या मुलांना फ्रेंच शाळेत घातलं कुणी? आजोबांच्या लाडक्या 1977 च्या त्याच भाषाकायद्याने. आता ती मुलं त्या भाषेत आपल्या आईबापांची, शेजाऱ्यांची, आणि क्वेबेकी लोकांचीसुद्धा तपासणी करणार. भाषा अशा कामाला लागली की तिला संरक्षण कमी लागतं. दुकानावरची पाटी मराठीत करून घेणं सोपं आहे. वीस वर्षांच्या मुलीने मराठीत आपल्या गल्लीचा अभ्यास लिहावा, आणि तो कुणीतरी विद्यापीठात बसून लाल पेनाने तपासावा, ही तजवीज आपण किती ठिकाणी केली आहे? आजोबांना मी हे त्या दिवशी विचारलं नाही. दिवाळी होती.

भाची 2024 च्या सप्टेंबरात मॉन्ट्रियल विद्यापीठातच दाखल झाली. पहिल्या वर्षी एका विषयात छोटा क्षेत्र-अभ्यास होता: एक व्यवहार निवडा, मुलाखती घ्या, बारा पानं लिहा. तिने खालच्या मजल्यावरच्या हैतियन काकू निवडल्या. त्या वृद्धाश्रमात रात्रपाळी करतात आणि त्यांच्या दहा जणी मिळून दर पगाराला पैसे गोळा करतात. एकेकीला एकदम सगळी रक्कम मिळते. "अगं मावशी, ही तर भिशी!" असा तिचा फोन आला होता. पाठ्यपुस्तकातला फ्रेंच शब्द तोंतीन, म्हणून तिने तो वापरला. कच्चा मसुदा काकूंना दाखवला. काकू स्वयंपाकघरात, गॅसवर भात, चष्मा नाकावर, पेन्सिल हातात, अशा बसल्या. तोंतीन जिथे जिथे आलं तिथे त्यांनी काट मारून सॉल लिहिलं; आमच्यात असंच म्हणतात म्हणाल्या. सातव्या पानावर थांबल्या. भाचीने लिहिलं होतं की कुणाचा नंबर आधी हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. "चिठ्ठ्या? कोण म्हणालं?" चिठ्ठ्या आपल्या आजीच्या भिशीत टाकायचे. ते भाचीने न विचारताच गृहीत धरलं होतं. काकूंकडे नंबर ठरवते ती मानमान सॉल, सगळ्यांचे पैसे सांभाळणारी बाई. तिला प्रत्येकीचं घर ठाऊक असतं, कुणाच्या मुलाचा प्रवेश आहे, कुणाला गावी पैसे पाठवायचेत, त्यावर ती ठरवते, आणि त्यावरून रुसवेफुगवेही होतात. म्हणजे सातव्या पानानंतरचं सगळं चुकलं होतं. तिने नशीब आणि समता यांवर एक छान परिच्छेद रचला होता, तो गेला. पाच पानं नव्याने लिहिली, काम एक दिवस उशिरा दिलं, आणि उशिराचे गुण कापले गेले.